पेशंट ऍडमिट आहे आणि बाहेर साथ चालू आहे: वॉर्डातच व्हायरस लागू नये म्हणून जवळ राहणाऱ्याने काय काय करायचं

सहा नंबरचे आजोबा खुब्याचं हाड मोडलं म्हणून आले होते. ऍडमिट करताना आरटीपीसीआर निगेटिव्ह, ऑपरेशन व्यवस्थित, चौथ्या दिवशी वॉकर धरून उभेसुद्धा राहिले आणि आम्ही सगळ्या सिस्टर्सनी टाळ्या वाजवल्या. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी पोह्याची प्लेट तशीच बाजूला सारली, "आज नको" एवढंच म्हणाले. ताप नाही, खोकला नाही. संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ९१, म्हणजे कमी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा मुलगा म्हणाला, अहो सिस्टर, बाबा दहा दिवस या बेडवरून हलले नाहीत, त्यांना कोरोना होईलच कसा?

हलले नाहीत हे खरंच होतं, म्हणजे व्हायरसच त्यांच्यापर्यंत चालत आला. मग आम्ही मागे मोजत गेलो तेव्हा कळलं की त्याच आठवड्यात आमच्यातल्या चौघी पॉझिटिव्ह निघाल्या होत्या, आणि चौघी रोज दुपारी वॉर्डामागच्या छोट्या खोलीत, खिडकी बंद, मास्क गळ्यात, गुडघ्याला गुडघा लावून डबा खात होत्या. त्यात एक मी. पेशंटसमोर आम्ही पीपीई किटमध्ये घामाने भिजायचो आणि पंधरा मिनिटांच्या जेवणात सगळं पाण्यात.

मी स्टाफ नर्स आहे, २००९ चा स्वाईन फ्लू आला तेव्हा नवीन होते, कोविडमध्ये इनचार्ज होते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. हे लिहितेय ते पेशंटजवळ राहणाऱ्या माणसासाठी, कारण डॉक्टर राऊंडला दहा मिनिटं येतात, आम्ही एका ड्युटीत तीस पेशंट बघतो, आणि चोवीस तास तिथे असता ते तुम्ही. साथ कोविडची असो, फ्लूची असो की उद्याच्या कुठल्या नवीन व्हायरसची, पद्धत साधारण हीच.

आधी एक वही घ्या

शंभर पानी, साधी. पहिल्या पानावर ऍडमिट झाल्याची तारीख आणि वेळ, तो दिवस पहिला. रोज तीन वेळा लिहायचं: ताप किती, ऑक्सिजन किती, नाडी किती, जेवण किती गेलं. शेजारच्या बेडवर कोण आलं कोण गेलं तेही लिहा, नाव नको, बेड नंबर पुरे.

दिवस मोजायचं कारण असं की व्हायरस शरीरात शिरल्यावर लगेच दिसत नाही. फ्लूला १ ते ४ दिवस लागतात, कोविडला बहुतेकदा २ ते ६, क्वचित १४ पर्यंत. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आलेला माणूस घरूनच घेऊन आला असं समजतात. इंग्लंडमध्ये कोविडच्या वेळी हा हिशोब पक्का ठरवला होता, पहिल्या दोन दिवसांत सापडला तर बाहेरचा, ३ ते ७ दिवसांत नक्की सांगता येत नाही, ८ ते १४ मध्ये बहुधा हॉस्पिटलमधलाच, आणि १५ व्या दिवशी किंवा नंतर आला तर हॉस्पिटलमधलाच. आमचे आजोबा दहाव्या दिवसाचे. हे कुणाला दोष द्यायला नाही, पण आठव्या दिवसानंतर वॉर्डात कुणी नवीन पॉझिटिव्ह निघालं तर त्याचा अर्थ व्हायरस याच खोलीत फिरतोय असा घ्यायचा आणि सगळ्यांनी कान टवकारायचे.

ऍडमिट होण्याआधी

ऑपरेशन ठरवून करायचं असेल, हर्निया, मोतीबिंदू, गुडघा बदलणे असलं काही, तर डॉक्टरांना सरळ विचारा की चार आठवडे थांबलं तर चालेल का. साथ शिखरावर असताना विनाकारण ऍडमिट न होणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पण हार्ट अटॅक, पॅरालिसिस, मोडलेलं हाड, पोटात असह्य दुखणं यात भीतीने घरी थांबायचं नाही. २०२० मध्ये लोक छातीत दुखत असताना घरी बसून राहिले, त्यातले काही आमच्याकडे फार उशिरा पोचले.

लस राहिली असेल तर पेशंटची आणि जवळ राहणाऱ्याची दोघांची डॉक्टरांना विचारून घ्या, परिणाम यायला साधारण दोन आठवडे जातात.

बॅग भरताना: स्वतःचं ऑक्सिमीटर, स्वतःचं थर्मामीटर, एन-९५ मास्क निदान दहा, सॅनिटायझरची छोटी बाटली, साबण, टिशू, स्वतःचा पेला आणि पाण्याची बाटली, मोबाईल चार्जरची लांब वायर. ही वायर महत्त्वाची, नाहीतर बोर्ड शेजारच्याच्या उशाशी असतो आणि तुम्ही दिवसातून सहा वेळा त्याच्या तोंडावर वाकता. हसू नका, बघितलंय.

बेड आणि हवा, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

लोक हॉस्पिटलला आल्यावर पहिलं काय करतात, तर बेडचा कठडा सॅनिटायझरने घासतात. घासा, वाईट नाही. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं होतं की दूषित वस्तूला हात लागून कोविड होण्याचा धोका साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. असले व्हायरस मुख्यतः हवेतून येतात, बोलताना खोकताना श्वास सोडताना बारीक कण निघतात आणि बंद खोलीत ते उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. धूर शेजारच्या बेडपर्यंत जातो ना, तसंच.

म्हणून बेड मागताना खिडकीजवळचा मागा. सरकारी दवाखान्यात बेड निवडायला मिळत नाही मला माहितीये, तिथे जमिनीवर गादी मिळाली तरी लोक हात जोडतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत, आणि दोन दिवसांनी खिडकीचा बेड रिकामा होतो तेव्हा ज्याने विचारून ठेवलंय त्याचं नाव सिस्टरच्या डोक्यात असतं.

आता हवा खेळते का ते बघायचं. टिशू पेपरची वीतभर पट्टी फाडा, खिडकीच्या फटीत धरा, मग दाराशी धरा. पट्टी हलली, एका बाजूला ओढली गेली, तर हवा चालतेय. लोंबकळत राहिली तर हवा साचलीय. उदबत्ती किंवा काडी पेटवून बघायचा शहाणपणा चुकूनही करू नका, वॉर्डात ऑक्सिजन चालू असतो.

समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या थोड्या उघड्या ठेवल्या की एका खिडकीपेक्षा किती तरी जास्त हवा फिरते. छताचा पंखा नवीन हवा आणत नाही, आहे तीच घुसळतो. टेबल फॅन असेल तर खिडकीजवळ ठेवून तोंड बाहेर करा, आतली हवा बाहेर फेकली जाऊ दे. स्प्लिट एसी म्हणजे सगळ्यात मोठी फसवणूक, गार वाटतं म्हणून चांगलं वाटतं, पण तो खोलीतलीच हवा ओढून गार करून परत सोडतो. एसी रूम घेतली असेल तरी तासाला दहा मिनिटं खिडकी उघडायचीच, आणि खिडकी सील असेल तर फ्रेश एअरची सोय काय आहे ते मेंटेनन्सवाल्याला विचारायचं. जागतिक आरोग्य संघटनेने साध्या वॉर्डासाठी दर पेशंटमागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा सांगितलीय, आमच्या जुन्या दगडी इमारतीतल्या उंच छताच्या वॉर्डात ती फुकट मिळते आणि नवीन काचेच्या बिल्डिंगमध्ये ती मशीनने आणावी लागते, मशीन बंद तर हवा बंद. ज्यांना परवडतं ते कार्बन डायऑक्साईडचं छोटं मीटर आणतात, बाहेर ४२० च्या आसपास दाखवतं, खोलीत ८०० च्या वर राहू लागलं म्हणजे सगळे एकमेकांनी सोडलेला श्वास घेतायत.

दोन अडचणी. एक म्हणजे डास. खिडकी उघडी ठेवायची तर जाळी हवी, नाहीतर कोविड टाळून डेंग्यू घ्याल, पावसाळ्यात तर नक्कीच. दुसरी म्हणजे पॉझिटिव्ह पेशंटच्या खोलीचं दार. त्या खोलीची खिडकी उघडी पण कॉरिडॉरकडचं दार बंद, उलट केलं तर तिथली हवा तुमच्याकडे येते. ते दार कुणी दगड लावून उघडं ठेवलेलं दिसलं तर सिस्टरला सांगा.

बेड एकमेकांना चिकटून असतील तर निदान मीटरभर अंतर मागा, आणि ते जमत नसेल तर एकाचं डोकं तिकडे आणि शेजारच्याचं इकडे अशी उलटसुलट मांडणी करायला सांगा. चादरी पालटताना दोन मिनिटांचं काम आहे, मामा लोक करतात.

एकच माणूस, आणि शहाळं घेऊन येणारे पाहुणे

हे लिहिताना मला शिव्या बसणार. आपल्याकडे कुणी ऍडमिट झालं की बघायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. मेव्हणे येतात, सोसायटीतले येतात, ऑफिसचे चौघं एका गाडीतून येतात, हातात शहाळं नाहीतर मोसंब्यांची पिशवी, आणि बेडच्या कडेला बसून अर्धा तास मोठमोठ्याने बोलतात कारण मास्क काढल्याशिवाय "नीट बोलता येत नाही".

२०१५ मध्ये दक्षिण कोरियात मेर्स नावाचा व्हायरस आला. आखाती देशातून परतलेला एक माणूस, तो एकापाठोपाठ चार दवाखाने फिरला, आणि शेवटी १८६ जणांना लागण होऊन ३८ माणसं गेली. जवळजवळ सगळी लागण हॉस्पिटलांच्या आतच झाली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत एकाच पेशंटपासून तीन दिवसांत ८२ जणांना लागण झाली, त्यात पेशंट, स्टाफ आणि नातेवाईक होते. तिथेही आपल्यासारखंच, घरचं माणूस पेशंटजवळ झोपतं, नातलग भेटायला येतात, आणि या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरायची सवय.

तर घरात बसून ठरवा. जवळ राहणारा एक, त्याला बदली म्हणून एक, बस. दर बारा तासांनी नवीन माणूस पाठवू नका, तीन तीन दिवसांची पाळी लावा. ज्याला सर्दी, घसा, अंग दुखणं काहीही आहे त्याने यायचं नाही, "थोडंसंच आहे" चालत नाही, कारण कोविडमध्ये माणूस लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून आणि फ्लूमध्ये एक दिवस आधीपासूनच पसरवत असतो, मग लक्षणं असलेला तर किती पसरवेल. जवळ राहणाऱ्याने मधल्या काळात लग्न, बारसं, गर्दीची लोकल टाळायची. बाकीच्यांना व्हिडिओ कॉल. आणि शहाळं वॉचमनकडे ठेवून जा म्हणावं.

मास्क

जवळ राहणाऱ्याने एन-९५ आणि पेशंटला झेपलं तर साधा तीन पदरी सर्जिकल. पेशंटला नाकात ऑक्सिजनची नळी असेल तरी वरून सर्जिकल मास्क लावता येतो. पण पेशंट गुंगीत असेल, उलट्या होत असतील, स्वतः मास्क काढता येत नसेल, तर लावायचा नाही, मग सगळी जबाबदारी तुमच्या मास्कवर.

व्हॉल्व्हवाला मास्क नको, ते बटण तुमचा श्वास न गाळता बाहेर सोडतं. कानाच्या दोरीपेक्षा डोक्यामागून दोन इलॅस्टिक जाणारा घट्ट बसतो. लावल्यावर नाकाची पट्टी दोन्ही हातांनी दाबा आणि जोरात श्वास सोडा, चष्म्यावर वाफ आली किंवा डोळ्यांना हवा लागली तर मास्क गळतोय. दाढीवाल्यांना माझं एकच म्हणणं, महिनाभर दाढी काढा.

पण मास्कचा खरा प्रश्न असतो जेवताना. आमच्या चौघींचं तेच झालं. पेशंट जेवतो तेव्हा त्याचा मास्क निघतो, त्याच वेळी तुम्हीही डबा उघडता, शेजारचेही उघडतात कारण जेवणाची गाडी सगळ्यांकडे एकदमच येते, आणि वॉर्डात वीस माणसं उघड्या तोंडाने. म्हणून पेशंटला भरवताना तुमचा मास्क लावलेला हवा, तुम्ही नंतर बाहेर व्हरांड्यात किंवा झाडाखाली जाऊन खायचं. चहासुद्धा. कॅन्टीन भरलेलं असेल तर पार्सल घ्या. आणि रात्री चटई टाकून बेडखाली झोपताना मास्क काढावा लागतोच, झोप नाही लागत, मलाही नाही लागायची, मग निदान झोपताना डोकं खिडकीकडे करा.

हात आणि वस्तू, थोडक्यात

पेशंटला हात लावायच्या आधी, लावल्यानंतर, बेडपॅन-युरिनपॉटनंतर, जेवणाआधी. सॅनिटायझरने वीस-तीस सेकंद, साबणाने चाळीस ते साठ. जुलाब-उलट्यांची साथ वॉर्डात असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरोव्हायरससारखे व्हायरस त्याने नीट मरत नाहीत, साबण-पाणीच हवं. दुसऱ्याचा पेला, मोबाईल, टीव्हीचा रिमोट घ्यायचा नाही. माणसांच्या अंगावर औषध फवारणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच ते करू नका म्हणून सांगितलं होतं. आणि घरून आणलेलं फिनेल, ऍसिड, ब्लीच एकत्र ओतू नका, विषारी वायू होतो.

बेड सोडून जाण्याच्या वेळा

एक्स-रे, सोनोग्राफी, डायलिसिस, फिजिओ. पेशंट वॉर्डात सांभाळता आणि मग सीटी स्कॅनच्या बाहेर पाऊण तास चाळीस माणसांच्या रांगेत व्हीलचेअरवर बसवता. सिस्टरला म्हणा, "आमचा नंबर आला की फोन करायला सांगा ना, मग खाली नेतो." बऱ्याचदा जमतं. लिफ्ट भरलेली असेल तर पुढची घ्या. डायलिसिसवाल्यांचा धोका सगळ्यात जास्त, आठवड्याला दोन-तीन वेळा त्याच हॉलमध्ये चार-चार तास, तिथे कोपऱ्यातली किंवा खिडकीची खुर्ची मागा आणि तिथे खाणं टाळा.

नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं मशीन: मास्क आणि नळी प्रत्येकाची स्वतंत्रच हवी, त्यावर मार्करने बेड नंबर लिहा. चालत असेल तर डॉक्टरांना विचारा की स्पेसर (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं) लावून पंप दिला तर भागेल का, कारण नेब्युलायझरची वाफ खोलीभर जाते. शेजारच्याला नेब्युलायझर लावला की मी नातेवाईकांना सांगते, पंधरा मिनिटं जरा बाहेर फेरी मारून या.

स्टाफला कसं बोलायचं

"हात धुतले का?" असं तोंडावर विचारलं तर आम्हालाही राग येतो, माणसंच आहोत. पण "सिस्टर, सॅनिटायझर हे इथे ठेवलंय हां" म्हणत बाटली पुढे केली की कुणी नाही म्हणत नाही. मावशींचा मास्क खाली असेल तर एक नवीन मास्क हातात द्या, त्यांना बऱ्याच ठिकाणी पुरेसे मिळतच नाहीत, हे कुणी लिहीत नाही. शिंकणाऱ्या ब्रदरला घरी जा सांगणं तुमच्या हातात नाही, इनचार्ज सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. आणि हेही समजून घ्या की सुट्टी घेतली की पगार कापला जाणारे कॉन्ट्रॅक्टवरचे लोक ताप लपवून कामाला येतात, तो दोष त्यांचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त.

ओळखायचं कसं

तरुणाला ताप-खोकला येतो. साठीच्या वरच्या माणसाला पुष्कळदा काहीच येत नाही, तो फक्त "नेहमीसारखा नसतो". जेवण अर्ध्यावर येतं, दिवसभर झोपतो, बरळतो, बाथरूमला जाताना पडतो. शिवाय ऑपरेशन झालेल्या पेशंटला दुखू नये म्हणून दिवसातून तीन-चार वेळा पॅरासिटामॉल चालू असतं, त्याने ताप दिसतच नाही, स्टिरॉईडवाल्यांचंही तसंच. म्हणून मी वही म्हटलं. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नेलपॉलिश काढलेलं हवं, आकडा अर्धा मिनिट स्थिर होऊ द्या.

डॉक्टरांना सांगताना "बाबांना बरं नाही वाटत" एवढंच म्हणालात तर ते "बघतो" म्हणून पुढे जातील. असं सांगा: "सर, आज नववा दिवस आहे, कालपासून जेवण अर्ध्यावर आलंय, ऑक्सिजन ९७ चा ९३ झालाय, आणि शेजारचा सात नंबर चार दिवसांपूर्वी पॉझिटिव्ह आला." याच्यावर कुठलाही डॉक्टर थांबतो.

शेजारचा बेड पॉझिटिव्ह निघाला तर

घाबरून पेशंटला उचलून दुसऱ्या वॉर्डात हलवायची घाई करू नका, तुमचा पेशंट आत्ता संशयित आहे, तो तिकडे नेऊन पसरवेल. पॉझिटिव्हला लगेच वेगळं करायला हवं आणि त्याच खोलीतल्या बाकीच्यांनी, म्हणजे संपर्कात आलेल्यांनी, तिथेच एकत्र राहायचं, नवीन पेशंट त्या खोलीत टाकायचा नाही. सगळ्यात वाईट चूक म्हणजे संपर्कातल्या निगेटिव्ह माणसाला "कोविड वॉर्डात" नेऊन ठेवणं. तसं कुणी म्हणालं तर ठामपणे नाही म्हणा आणि मेडिकल सुपरिंटेंडेंटशी बोला, मोठ्या हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोल नर्सही असते, तिचं नाव विचारून घ्या.

टेस्ट लगेच आणि मग तीन ते पाच दिवसांनी परत, कारण पहिल्या दिवशीची निगेटिव्ह काही सांगत नाही. रॅपिड निगेटिव्ह आली पण लक्षणं आहेत तर आरटीपीसीआर मागा. उलटंही लक्षात ठेवा, दोन महिन्यांपूर्वी कोविड होऊन गेलेल्याची आरटीपीसीआर मेलेल्या तुकड्यांनीसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते, तो इतिहास केस पेपरवर लिहायला सांगा. खिडकी आता रात्रीही उघडी. तुम्ही स्वतःही संपर्कातलेच, तेव्हा घरी जाऊन आजीच्या मांडीवर डोकं ठेवू नका.

आपलाच पेशंट पॉझिटिव्ह निघाला तर त्याच दिवशी विचारा की अँटिव्हायरल औषध लागू पडतं का. फ्लूचं ओसेल्टामिविर लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी, कोविडच्या गोळ्या पाच दिवसांच्या आत. किडनीचा त्रास आणि आधीची औषधं मात्र डॉक्टरांसमोर सगळी मांडा, कोविडच्या गोळीचं काही कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांशी जमत नाही. मूळ आजाराचे उपचार थांबू नयेत हेही बघा, आमच्या आजोबांची फिजिओ बारा दिवस बंद पडली आणि त्यांचा वॉकर तिथेच भिंतीला टेकून राहिला. नंतर घरी गेले, चालायला मात्र तीन महिने लागले.

डिस्चार्ज

घरी आलं म्हणजे सुटलो असं नाही, शेवटच्या दोन दिवसांत शिरलेला व्हायरस घरी उगवतो. त्यामुळे घरी आल्यावर दहा दिवस वही चालू ठेवा, पेशंटला हवेशीर वेगळी खोली द्या, "बरे होऊन आले" म्हणून येणाऱ्यांना पुढच्या रविवारनंतरचं सांगा. डिस्चार्ज कार्डवर वॉर्डात पॉझिटिव्ह केस होती हे लिहून मागा, द्यायला कुरकुर करतील. आणि डायलिसिस किंवा ड्रेसिंगसाठी परत जायचं असेल तर जायच्या आदल्या दिवशी फोन करून सांगा की अमुक तारखेपर्यंत आम्ही संपर्कात होतो, म्हणजे ते तुम्हाला शेवटची शिफ्ट आणि कोपऱ्यातली खुर्ची देतील. ती तारीख वहीत आहेच.